सर्वांच्या वतीने

माझा आवाज चांगला आहे. हे मीच सांगते, कारण वाटूरमध्ये आता ते सगळ्यांना माहीत आहे आणि पुढचा सगळा घोळ त्या आवाजामुळेच झाला. आमच्या शाळेत स्वातंत्र्यदिन असो, स्नेहसंमेलन असो की निरोप समारंभ, एखादे सर उठून म्हणतात की आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्षस्थान अमुक अमुक यांनी स्वीकारावे अशी मी सूचना मांडतो. मग अनुमोदन द्यायला मी. पहिल्या रांगेच्या कडेवरून उठायचं, माईक एक वीतभर खाली ओढायचा, वेणी मागे टाकायची आणि म्हणायचं, "या सूचनेला मी सर्वांच्या वतीने अनुमोदन देते." टाळ्या. खाली बसायचं. अध्यक्ष तर आधीपासूनच मधल्या खुर्चीत बसलेले असतात, त्यांचा हार तबकात येऊन पडलेला असतो. नको म्हणणार कोण?

वर्षभरात हे वाक्य मी अकरा वेळा म्हटलं. मोजलेलं आहे.

त्याआधीची रुचि तुम्ही पाहिली असती तर ओळखली नसती. हजेरीला मी "हजर" म्हटलं तरी बाई मान वर करून पुन्हा विचारायच्या, शेठची नात आली का गं? मला नावच नव्हतं. दादाजींचं, म्हणजे कचरूलाल शेठचं, पाइप आणि मोटरींचं दुकान वाटूर फाट्यावर आहे. आमचं घराणं राजस्थानातून इथे येऊन चार पिढ्या झाल्या. गावाला दादाजी माहीत, दुकान माहीत. मी आपली शेठची नात, बस. मला बोलतं केलं ते दैवशालाताईंनी, नववीत.

ताईंचंही दुकान फाट्यावरच, मोटर भरायचं. शेतातली मोटर जळली की लोक ती गाडीवर मागे बांधून त्यांच्याकडे आणतात. त्या आतली काळी पडलेली तार उपसून काढतात आणि नवी तार वेटोळी करून भरतात. शिक्षण आठवी. काम वडलांच्या हाताखाली शिकल्या, त्याला बावीस वर्षं झाली.

अशी बाई शाळेत शिकवायला कशी आली, तेही सांगायला पाहिजे. आम्हाला नववी-दहावीला व्यवसाय शिक्षणाचा विषय आहे. पूर्वी त्याचं सगळं वरून यायचं. विषय वरून, सामानाची पेटी वरून, शिकवणारा माणूसही कुठल्याशा कंपनीकडून. एका वर्षी पेटीत ब्युटी पार्लरचं सामान निघालं आणि त्या वर्गात पोरंच पोरं. शिकवणारा माणूस दोनदा आला आणि फळ्याशेजारी उभा राहून फोटो काढून गेला. मग मागच्या वर्षी पत्र आलं की आमच्यासारख्या काही शाळांनी हे आपलं आपण ठरवावं. सात जणांची समिती करायची. विषय समिती निवडेल, शिकवणारं माणूस समिती नेमेल, आलेला निधी समिती खर्च करेल आणि कमी पडेल ते गावातून उभं करेल. आमचे मुख्याध्यापक मार्तंड सर प्रार्थनेनंतर ते पत्र वाचून म्हणाले, "आता अधिकार खाली आले आहेत." आम्ही टाळ्या वाजवल्या. खाली म्हणजे नेमके कुणाच्या घरी, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

पण पहिल्या वर्षी समितीने खरंच चांगलं काम केलं. आपल्या भागात मोटरी जळतात, तर मोटर भरायलाच शिकवा, असं ठरलं आणि ताईंना बोलावणं गेलं.

पहिल्याच तासाला त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, जळक्या मोटरीचा वास कसा येतो. मी काहीतरी पुटपुटले.

"मोटरीला ऐकू आलं न्हाई," ताई म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं. मोटरीला पुन्हा ऐकू आलं नाही. पाचव्या वेळी मी जवळजवळ ओरडले की वार्निश करपल्यासारखा येतो, तेव्हा अख्खा वर्ग हसला, मी पण हसले आणि माझ्या घशात काहीतरी सुटलं ते सुटलंच. दिवाळीनंतर घरचा जळका पंखा मी एकटीने भरला. लावला तर उलटा फिरला, सगळा वारा छताला. आमच्या दादीजी, तारादेवी, खालून बघत म्हणाल्या की चला, पालींची सोय झाली. दुसऱ्या दिवशी ताईंनी कुठल्या दोन तारांची अदलाबदल करायची ते सांगितलं आणि पंखा सुलट झाला. तेव्हापासून मला कुणी थांबवू शकलं नाही. वक्तृत्व, सूत्रसंचालन, अनुमोदन, जिथे माईक तिथे मी.

म्हणून यंदा समितीत विद्यार्थी प्रतिनिधी घ्यायचा ठरला, तेव्हा माझ्याशिवाय दुसरं नाव निघालंच नाही. आणि दादाजीही यंदा समितीवर आले होते. गावातून जे उभं करायचं होतं ते त्यांनीच उभं केलं होतं. कार्यशाळेची पत्र्याची शेड, टेबलं, खोलून बघायला सहा जुन्या मोटरी. शेडवर त्यांच्या नावाची पाटी आहे, लांबून वाचता येईल एवढी.

जुलैमध्ये सभा झाली, मुख्याध्यापकांच्या खोलीत. गणवेश मी आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवला होता. वहीत भाषण लिहिलं होतं, कारण मला वाटलं होतं की नवीन सदस्याला बोलायला लावतीलच. पहिले तीन विषय झाले तरी मला कुणी काही विचारलं नाही. मग सर म्हणाले, आयत्या वेळचे विषय. दादाजींनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली.

मी काय करत होते सांगू? सुरुवात "आदरणीय" अशी करावी की "सन्माननीय" अशी, हे ठरवत होते. कानावर शब्द येत होते: दर्जा, शासनमान्य, पदविका, आवश्यक. छानच शब्द होते. भाषणात आले की हमखास टाळी मिळणारे.

कागद संपला. मार्तंड सर म्हणाले, "सूचक कचरूलालजी. अनुमोदक?"

कुणी बोलेना. पालकांचे प्रतिनिधी रखमाजी टोपी काढून तिच्या आत बघत बसले होते. सरपंच उषाबाईंनी फोन टेबलावर पालथा घातला, मग पुन्हा सुलटा केला. सर पेनाचं टोपण काढून थांबले होते. असा सन्नाटा मला ओळखीचा आहे. मंचावर कुणी आपलं वाक्य विसरलं की असंच होतं, आणि तेव्हा कुणीतरी सावरून घ्यायचं असतं. मी उठले.

"या सूचनेला मी सर्वांच्या वतीने अनुमोदन देते."

दादाजींनी टाळी वाजवली. मग एकेक करत सगळ्यांनी वाजवली. सर माझ्याकडे बघत राहिले, पेन तसंच हातात. मला वाटलं, नावाचं अडलं असेल.

"सर, रुचि. चि ऱ्हस्व," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं.

पंधरा दिवसांनी, शनिवारी, आम्ही शेडमध्ये गेलो तर तिथे अंकितभैया उभा. अंकितभैया माझ्या काकांचा मुलगा. त्याने जालन्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, त्याला वर्षच झालं होतं. शर्ट खोचलेला, हातात नवा मार्कर. मी विचारलं, तू इथे कसा? तो म्हणाला, ठराव झाला ना तुमचा. मला वाटलं चेष्टा करतोय. मग मी सूचनाफलकाकडे गेले. तिथे ठरावाची प्रत लावलेली होती. व्यवसाय विषय शिकवणाऱ्या व्यक्तीकडे शासनमान्य पदविका असणे आवश्यक राहील. सर्वानुमते मंजूर. सूचक, श्री. कचरूलाल. अनुमोदक, कुमारी रुचि.

चि ऱ्हस्वच होती.

माझ्या मागे श्रद्धा येऊन उभी राहिली. श्रद्धा माझ्या बाकावर बसते. ताईंच्या वर्गात तिचा हात सगळ्यात साफ. तिला दहावीनंतर ताईंच्याच दुकानात काम करत करत आयटीआय करायचं होतं. तिने ठराव वाचला, परत एकदा वाचला.

"सूचक घरचा, अनुमोदक घरची, मास्तर बी घरचाच," ती म्हणाली. "मंग चहा तरी पाजा घरचा."

आजूबाजूच्या मुली हसल्या आणि मीही हसले. ठरावापेक्षा मला आजही त्या हसण्याची जास्त लाज वाटते. त्या क्षणी "मी ऐकलंच नव्हतं गं" असं म्हणता आलं असतं. पण तेवढं म्हणण्यापेक्षा लबाड दिसणं मला सोपं वाटलं.

संध्याकाळी जेवताना दादाजींना विचारलं. मला वाटलं होतं ते चिडतील. उलट ते खूश झाले. म्हणाले, "मला फिकीर होती बेटा, कुणी बोलतं की नाही. तू बराबर उठलीस. इशारा समजलीस." दादीजींनी माझ्या ताटात आणखी तूप वाढलं. मी म्हणाले, पण ताई चांगलं शिकवत होत्या. ते म्हणाले, बाई हुशार आहे, कोण नाही म्हणतं? पण शाळा म्हणजे दुकान नाही, शिकवणाऱ्याकडे कागद पाहिजे. आणि शेड आपली, मोटरी आपल्या, मग आपला पोरगा जालन्यात खोली घेऊन नोकरीची वाट बघत बसला तर ते बरं दिसतं का? हे सगळं ते शांतपणे बोलत होते, आणि अंकितभैया समोरच बसून जेवत होता. दादाजी वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाटलं होतं की त्यांनी डोळ्यांनी केलेली खूण नातीने ओळखली. मी मान खाली घालून पुढची पोळी घेतली.

त्यानंतर तीन आठवडे मी फाट्यावरून गेले नाही. शाळेतून सरळ वाट ताईंच्या दुकानापुढून जाते. मी बाजाराच्या मागून, गुरांच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून घरी येऊ लागले. दुकानात बसायला बोलावलं तर अभ्यास आहे म्हणायचे. अंकितभैया घरात मला "अनुमोदक मॅडम" म्हणू लागला.

एका रविवारी मात्र दादाजी जालन्याला गेले होते आणि गल्ल्यावर मला बसावं लागलं. तेव्हाच रखमाजी आले, पाइपाचा जोड घ्यायला. मी जोड दिला आणि मग माझ्याने राहवेना. विचारलं, काका, त्या दिवशी सगळे गप्प का होते? विसरले होते का?

रखमाजींनी आधी दुकानात आणखी कोणी आहे का ते बघितलं.

"इसरले?" ते म्हणाले. "अगं, आमी गप बसल्तो ते काय झोपल्तो व्हय? शेठला तोंडावर न्हाई कसं म्हणावं? शाळेला शेड दिली माणसानं. म्हणून गप बसायचं. कुणीच काही बोललं न्हाई की सर पान उलटतात, म्हणतात पुढच्या सभेत बघू. मंग पुढच्या सभेत बी तसंच. असंच असतंय ते."

"मग मी उभी राहिले तेव्हा तुम्ही टाळ्या का वाजवल्या?"

"तू सगळ्यांच्या वतीनं म्हणलीस ना," रखमाजी म्हणाले. "आता सगळ्यांत आमी बी आलो."

ते गेल्यावर मला उमगलं. म्हणजे तो सन्नाटा नव्हता, नकार होता. बाकीची सगळी मोठी माणसं मिळून न बोलता एक गोष्ट थोपवून धरत होती, आणि मी त्यांना वाक्य विसरलेली पोरं समजून मदतीला धावले. एवढा चांगला आवाज आणि कान इतके बहिरे.

दुकान नोकराच्या हवाली केलं आणि तशीच ताईंकडे गेले. चाळीस पावलांचं अंतर आहे. ताई खाली बसून एका मोटरीतून जळकी तार उपसत होत्या. त्यांनी मला पाहिलं, पक्कड खाली ठेवली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हणाले, तुमच्याविरुद्ध मला काही करायचं नव्हतं म्हणाले. बोलता बोलता माझा आवाज स्टेजवरचा होऊ लागला तेव्हा मला स्वतःचीच शिसारी आली आणि मी थांबले.

"ठराव काय व्हता, ते ऐकल्तं का तू?" ताईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी आता पक्कड खाली ठेवली.

"शेठची नात हाय, शेठचं ऐकलं, असं मी धरून चालल्ते. त्याचा मला राग न्हाई आला. घरचं माणूस घरच्याकडून बोलणार." त्या तार हाताला गुंडाळत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. "पर न ऐकताच उठलीस? मंग मी तुला मोठ्यानं बोलाया कशाला शिकवलं, बाई?"

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक आलं आणि त्या त्याच्याशी बोलायला लागल्या. मी थोडी थांबले. मग कळलं की थांबण्यासारखं काही नाही.

पुढची सभा सप्टेंबरमध्ये होती. या वेळी वहीत भाषण नव्हतं. एकच वाक्य होतं, आणि ते लिहायला मला चार दिवस लागले, कारण मार्तंड सरांना मी दोनदा विचारून आले की दिलेलं अनुमोदन परत घेता येतं का. येत नाही म्हणाले. झालेला ठराव बदलायचा तर नवी सूचना आणावी लागते, तिला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, सदस्य कुणीही सूचक होऊ शकतो.

सभेत पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो. सर भराभर वाचत गेले. ठरावाखालचं माझं नाव वाचून झालं तेव्हा मी उठले. दादाजी माझ्याकडे बघून किंचित हसले. त्यांना वाटलं, पुन्हा अनुमोदन.

मी म्हणाले की मागच्या वेळी मी ठराव न ऐकता अनुमोदन दिलं. सर्वांच्या वतीने म्हणाले, पण कुणालाही विचारलं नव्हतं. तर ती चूक आहे, आणि तिची नोंद घ्यावी. हे सगळं इतक्या बारीक आवाजात निघालं की उषाबाईंना पुन्हा विचारावं लागलं. मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना जास्त लाज वाटली. मग वही उघडून माझी सूचना वाचली: पदविका, किंवा त्या कामाचा दहा वर्षांचा अनुभव, यांपैकी एक असावे.

"अनुमोदक?" सर म्हणाले.

कुणी बोलेना. रखमाजींनी टोपी काढली. मला आता ही शांतता वाचता येत होती, आणि ती या वेळी माझ्यासाठी होती. शेठ समोर बसलेत, शेठच्या नातीने घरातलं भांडण सभेत आणलंय, आपण कशाला मध्ये पडायचं. सर आता पान उलटतील, मला वाटलं. तरी मी बसले नाही. तेवढीच अक्कल शिल्लक होती, की या वेळी मध्ये काही बोलायचं नाही.

रखमाजींनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ती नीट बसवायला वेळ घेतला.

"लिहा माझं नाव," ते म्हणाले. दादाजींकडे न बघता. "माझी मोटर दर दोन सालाला त्याच बाईकडं जाती. चालती. अजून काय अनुभव पाहिजे?"

मग उषाबाई बोलल्या, मग विज्ञानाचे सर बोलले, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत लोक एकमेकांचं तोडून बोलायला लागले. कुणी म्हणालं, अंकितला वर्षभरासाठी नेमलंय, त्याला मधेच कसं काढणार? ते खरंच होतं. शेवटी ठरलं की सूचना मंजूर, पण पुढच्या जूनपासून. हात वर करायला सांगितलं तेव्हा दादाजींनी हात वर केला नाही, आणि विरोधात कोण असं विचारलं तेव्हाही केला नाही. गप्प बसून राहिले. ते त्यांनाही येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येताना ते पुढे चालत होते, मी मागे. दारापाशी पोचल्यावर एवढंच म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस." मी म्हणाले, हो. कारण तेही बरोबर होतं. माझ्या भीतीपायी मी त्यांना सगळ्यांसमोर ऐकायला लावलं. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले, आणि अंकितभैयाने "अनुमोदक मॅडम" म्हणणं सोडून दिलं. ते मला चिडवण्यापेक्षा जड गेलं.

ताईंना सांगायला मी श्रद्धाला घेऊन गेले. एकटीने जायची हिंमत झाली नाही, खरं सांगते. श्रद्धानेच सगळं सांगितलं, रखमाजींच्या टोपीची नक्कल करून. ताई हसल्या, श्रद्धाकडे बघून. मग म्हणाल्या, जूनचं जूनमध्ये बघू, बोलावलं तर विचार करीन.

जूनमध्ये मी शाळेत नसेन. शाळेतला ताईंचा एक तासही आता मला मिळणार नाही, आणि श्रद्धालाही नाही. आमचं वर्ष मी घालवलं होतं, आमच्या दोघींचं. हे श्रद्धा मला अजून एकदाही बोललेली नाही.

निघताना ताईंनी मला विचारलं, "आता काय शिकून राह्यल्या शाळेत?"

मी म्हणाले, अंकितभैया सूत्रं शिकवतो. तार किती जाडीची घ्यायची ते गणिताने कसं काढायचं.

"ते बी लागतं," ताई म्हणाल्या. "मला न्हाई येत ते. मी नुस्ती बोटानं बघती."

आणि त्यांनी श्रद्धाला जवळ बसवून तिच्या हातात तार दिली. मला जा म्हणाल्या नाहीत, बसही म्हणाल्या नाहीत. मी दाराशी उभी राहिले आणि त्या तिला काय सांगतायत ते ऐकत राहिले.